चौदा वर्षं राहुटीत

२९ डिसेंबर २०२४, रविवार

आज मी एक मोठी थाप मारली आणि मारताना मला फार बरं वाटलं.

आमच्या सोसायटीत आठ मराठी घरं आहेत. सगळी पुण्यामुंबईकडून नोकरीसाठी आलेली, कॉम्प्युटरवाली. कोठी भागात जन्म काढलेला जुना हैदराबादी मी एकटाच, तोही मुलाच्या घरात राहतो म्हणून. महिन्यातून एकदा ही मंडळी क्लबहाउसात पोहे खायला जमतात. आज ठरलं की सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला विकाराबादच्या पुढे तलावाकाठी तंबू ठोकून एक रात्र राहायचं. तंबू ठोकलेला मात्र एकानेही नव्हता.

तेव्हा आमची सून मानसी म्हणाली, "आमचे बाबा चौदा वर्षं राहुटीत राहिलेत."

हे खरं आहे. मोजणी खात्यात होतो मी. आदिलाबाद, विकाराबाद, तांडूर, जिथे जमीन मोजायची तिथे आमची राहुटी. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरी किशोर म्हणाला, "काका, मग कॅम्पप्रमुख तुम्हीच! आम्हाला ठोकून दाखवाल ना?" रोहनने, माझ्या मुलाने, चक्क फोन खाली ठेवला. आणि मी म्हणालो, "तंबू ना? डोळे मिटून ठोकीन."

वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी राहुटीत राहिलो, पण ठोकली एकही नाही. ते काम शिवराजचं. शिवराज माझा चेनमन, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा माणूस. मी जीपने पोहोचायचो तेव्हा राहुटी उभी असायची आणि खाटेवर चादरही घातलेली असायची. ती उभी कशी राहते, हे मी कधी पाहिलंच नाही.

माझी बायको उषा जाऊन चार वर्षं झाली. तिच्यानंतर आज पहिल्यांदा इतक्या लोकांनी मला काही विचारलं. आता माघार घ्यायची छाती होत नाही. सत्तावीस दिवस आहेत.

२ जानेवारी २०२५

तंबू आला. मानसीने मागवला. सवलत चालू होती म्हणाली. पिशवी साधारण सव्वादोन फूट लांब, वजन तीन किलोच्या आत. आमच्या राहुटीला बैलगाडी लागायची. यात कॅनव्हास नाही, बांबू नाही, खुंट्या ठोकायची मोगरी नाही. छत्रीच्या कापडासारखं काहीतरी आहे.

"तुमच्याच खोलीत ठेवते, बाबा. तुम्हीच प्रमुख," असं म्हणून ती ऑफिसला गेली. जाताना गच्चीची किल्ली जेवणाच्या टेबलावर विसरली. ती गच्चीवर कधी जात नाही, मग किल्ली काढली कशाला कोण जाणे. माझं मात्र काम झालं.

३ जानेवारी

पहिला प्रयत्न. सकाळी दहा ते दुपारी सव्वा.

यातले दांडे तुकड्यातुकड्यांचे असतात आणि आतून रबरी दोरी ओवलेली असते. सोडले की आपले आपण खटाखट जुळतात. ते मला माहीत नव्हतं. चष्मा थोडक्यात वाचला. सोबत सहा चित्रांचा कागद आहे. दुसऱ्या चित्रात तंबू जमिनीवर पडलेला आणि तिसऱ्या चित्रात उभा. मधे काय झालं ते कंपनीने गुप्त ठेवलंय.

सिमेंटच्या गच्चीत खुंटी शिरत नाही. म्हणून चार कोपऱ्यांना पाण्याचे रिकामे कॅन भरून बांधले. सव्वा वाजता जे उभं राहिलं ते वाळत घातलेल्या गोधडीसारखं दिसत होतं. पण उभं होतं! मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

नवीन राहुटीत नारळ फोडल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. म्हणून नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि उदबत्ती दाराच्या चेनमधे खोचली. इथे घात झाला. कॅनव्हासला ठिणगीने डागही पडत नाही, हे कापड तर लोण्यासारखं वितळलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. माझ्या औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावून टाकली. आमच्याशिवाय जगात दुसरं कोणी या वस्तूची वास्तुशांत केली असेल असं वाटत नाही.

७ जानेवारी

आणखी तीन प्रयत्न. दोन तास दहा मिनिटं, एक तास चाळीस, एक तास पाच. शेवटच्या खेपेला वरचं कव्हर उलटं पडलं होतं, पण ते पोटात घालू.

खरी परीक्षा घडी घालण्याची आहे. ज्या पिशवीतून तंबू निघाला त्याच पिशवीत तो परत जात नाही. मी गुडघे टेकले, वर बसलो, शेवटी त्याच्यावर आडवा झालो, तरी वीतभर बाहेर राहतोच. रोज तो चादरीत गुंडाळून पलंगाखाली सारतो. काल मानसी खोलीत आली, गाठोडं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मोठी चादर देऊ का?" मी म्हणालो, धुण्याचे कपडे आहेत. ती "बरं" म्हणून गेली. भोळी आहे पोरगी.

१० जानेवारी

आज चमत्कार. चिकटपट्टी जागेवर नाही आणि भोकही नाही. त्या जागी कापड जरा जाड लागतं, रंग तोच. बहुधा भोक पडलंच नव्हतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

रात्री जेवताना मानसी सहज म्हणाली, "बाबा, शिवराजकाका अजून कोठीतच राहतात का? त्यांनाही नेऊ या ना कॅम्पला."

मला ठसका लागला. शिवराज तिथे आला तर एका मिनिटात सगळं उघड होईल. तो बिचारा सवयीने खुंटी उचलणार आणि लोक विचारणार, काका, हे कोण? मी म्हणालो, त्याचं वय झालंय, थंडी सोसणार नाही. तिने नुसती भाकरी वाढली.

नंतर मला स्वतःचीच लाज वाटली. शिवराजला भेटून मला सहा वर्षं झाली.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवर पतंगवाल्यांची जत्रा. सराव बंद. मांज्यात तंबू सापडला असता तर चिंध्या झाल्या असत्या.

मानसीने तिळगुळाचे दोन डबे भरले. एक रोहनच्या ऑफिससाठी. दुसरा माझ्या हातात दिला, "शिवराजकाकांना." आता जाणं भागच आहे.

१६ जानेवारी

मेट्रोने कोठीला गेलो. शिवराज त्याच्या मुलीकडे राहतो. भामा जुन्या पुस्तकांचं दुकान चालवते, मागे एक खोली आहे. मला दारात बघून म्हातारा इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली.

"साहेब! तुम्ही काईकू आलात एवढ्या लांब? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

चौऱ्याहत्तरचा झालाय. गुडघे गेलेत, हात थोडा कापतो, हसू तेच. तिळगूळ दिला, चहा झाला आणि मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. थाप, गच्ची, गोधडी, सगळं. तो इतका हसला की भामा गिऱ्हाईक सोडून आत डोकावली.

"परेशान नका होऊ साहेब," तो म्हणाला. "मी येतो की तुमच्यासंगं. लोक चहापाण्यात असतील तेवढ्यात ठोकून देतो. कुणाला खबर नाही लागणार. तुम्ही नुसतं कमरेवर हात ठेवून हुबं राहायचं. तसंच तर राहायचात."

मी हो म्हणालो. हेही लिहून ठेवतो की लगेच हो म्हणालो.

मग निघता निघता, का कोण जाणे, मी विचारलं, "शिवराज, राहुटी माझी होती. तू कुठे झोपायचास?"

"मी? गाडीखाली. पाऊस लागला तर गावात देवळात." त्याने हे असं सांगितलं की जणू मी त्याला त्याचं गाव विचारलं होतं.

चौदा वर्षं. घरी येताना मेट्रोत बसायला जागा होती, तरी मी उभाच राहिलो.

१९ जानेवारी, रविवार

शिवराज आला. रोहन स्वतः गाडी घेऊन त्याला आणायला गेला होता. मानसीने पुरणपोळी केली आणि तिने त्याला वाकून नमस्कार केला तेव्हा तो गोंधळून पार भिंतीला टेकला. नंतर तिला आणि रोहनला अचानक बाजारात काम निघालं, चार तासांचं. आम्हाला गच्ची मोकळी.

असला तंबू त्याने जन्मात पाहिला नव्हता. खुर्चीत बसून पाच मिनिटं कापड हातात चाचपत राहिला आणि म्हणाला, "हे तर सोपं आहे. हे दोन दांडे फुलीसारखे टाकायचे, दोघांनी समोरासमोर उचलायचे. एकट्याचं कामच नाही हे." मी सोळा दिवस एकट्याने झटत होतो! त्याच्या सांगण्याने अठ्ठावीस मिनिटांत तंबू ताठ उभा राहिला. त्याला वाकवत नाही, म्हणून हात माझे आणि डोकं त्याचं.

घडीची युक्तीही कळली. आधी दाराच्या दोन्ही चेन थोड्या उघड्या ठेवायच्या म्हणजे आतली हवा निघते. मग पिशवीच्या लांबीपेक्षा जरा कमी रुंद घडी घालून दांड्यांभोवती घट्ट गुंडाळायचं. तंबू पिशवीत गेला! मी त्याला तीनदा बाहेर काढून परत घातलं.

एकाच गोष्टीवर आमचं जमलं नाही. तो म्हणतो, "तोंड कुठं, पाठ कुठं, ते वाऱ्याला विचारा." मी म्हणालो, दार पूर्वेलाच हवं, घर ते घर. गच्चीला कमरेएवढा कठडा आहे, वारा कसला येतोय. तो गप्प बसला. माझ्यासमोर तो नेहमीच गप्प बसायचा.

२४ जानेवारी

उद्या कॅम्प. किशोरने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय: "सायंकाळी चार वाजता हिम्मतरावकाकांचं प्रात्यक्षिक." पुढे टाळ्यांची चित्रं. शिवराज म्हणतो तसं चहाच्या वेळात उरकलं नाही तर माझं काही खरं नाही. मुलांचं सोडा, मानसी काय म्हणेल? गेला महिनाभर ती ऑफिसातून आली की आधी माझ्या खोलीत डोकावते, "काय बाबा, प्रमुख, काय विशेष?" हे बंद पडलं तर मला चालणार नाही. एवढंच आहे सगळं.

२६ जानेवारी, घरी, संध्याकाळी

सगळं क्रमाने लिहितो.

आम्ही सगळे एकाच बसने गेलो, त्यामुळे चोरून ठोकण्याचा बेत पहिल्या फटक्यात बारगळला. चार वाजता आठ कुटुंबं अर्धगोलात उभी. शिवराजला एका खुर्चीत बसवलेलं. मानसी अगदी पुढे, फोन उगारून.

मी सुरुवात केली. आवाज छान लागला होता. "मंडळी, पहिली गोष्ट, दांडे. दुसरी गोष्ट, हे काम जोडीचं आहे." रोहनला समोर उभं केलं. फुली टाकली, उचलली, तंबू उभा! टाळ्या. दार पूर्वेला केलं आणि का केलं तेही सांगितलं. शिवराज हळूच म्हणाला, "साहेब, वारा..." मी हात वर करून त्याला थांबवलं आणि खुंट्या आणायला वळलो.

समोरचा तलाव पूर्वेला. त्याच्यावरून आलेली एक झुळूक दारातून आत शिरली. तंबू फुगला, उठला आणि निघाला.

खुंट्या न ठोकलेला तंबू किती जोरात पळतो हे मी मोजलेलं नाही, पण माझ्यापेक्षा नक्कीच जास्त. मी पुढे, माझ्यामागे रोहन, त्याच्यामागे किशोर, मागे सगळी मुलं किंचाळत. शंभर-सव्वाशे पावलांवर बाभळीत अडकला म्हणून सापडला. परत आणला तेव्हा अर्धी मंडळी पोट धरून गवतात बसली होती.

किशोर धापा टाकत म्हणाला, "काका, चौदा वर्षं असंच पळत होतात की काय?"

चेष्टा होती. हसून टाकता आली असती. तेवढ्यात शिवराज खुर्चीचे हात धरून कसाबसा उभा राहिला. "नाही जी! आमच्या साहेबांसारखी राहुटी अख्ख्या जिल्ह्यात कुणी ठोकली नाही. तुफानात हलायची नाही. हे कापडच हलकं, त्यात साहेबांची काय चूक?" हे बोलताना त्याने हात जोडले होते.

मला ते बघवेना. एरवी मी ही थाप मरेपर्यंत चालवली असती. पण माझ्यासाठी हा माणूस पोरांपुढे हात जोडून उभा होता.

मी म्हणालो, "खोटं बोलतोय तो. मंडळी, मी एकही राहुटी ठोकलेली नाही. चौदा वर्षं सगळ्या राहुट्या या शिवराजने ठोकल्या आणि काढल्या. मी आत झोपायचो आणि हा गाडीखाली झोपायचा. मी तुम्हाला थाप मारली. आणि आत्ता तो वाऱ्याचं सांगत होता तेही मी ऐकलं नाही."

मानसीकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं. तिने ओढणी तोंडावर धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. पोरीला फार धक्का बसला असावा. डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं होतं.

मग ती पुढे आली आणि शिवराजला म्हणाली, "काका, बसा. आता तुम्ही सांगा, बाबा ठोकतील."

आणि तसंच झालं. "साहेब, पाठ तलावाकडं. हां. आधी वाऱ्याच्या अंगाची खुंटी. तिरकी मारा. सरळ नको, निघून येईल. हौ, अशी." चूक झाली की तो "नक्को नक्को" म्हणून ओरडायचा. साखळी ओढताना कधी ओरडला नाही तो माझ्यावर! वीस मिनिटांत माझा तंबू उभा राहिला. मग शिवराजची खुर्ची उचलून रोहन आणि किशोर एकेका तंबूसमोर नेत गेले आणि सात तंबू त्याने बसल्या जागेवरून उभे केले. बायका त्याला दोऱ्यांच्या गाठी विचारत होत्या. अंधार पडेपर्यंत माझ्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या तंबूत दोन अंथरुणं घातली होती. शिवराज बाहेर घुटमळत राहिला. "मी बसमधे पडतो, साहेब." मी म्हणालो, "मी एवढा घाम गाळून ठोकलाय तो कुणासाठी? चल आत." तो चप्पल बाहेर काढून, देवळात शिरावं तसा वाकून आत आला. वर हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "आतून असं दिसतं होय."

पाच मिनिटांत घोरायला लागला. काय घोरतो! मला झोप लागली नाही, पण आनंदाने लागली नाही असंच लिहितो.

सकाळी सातला सगळ्यांनी आवराआवर सुरू केली. साडेआठ वाजता सात तंबू पिशव्यांत गेले होते आणि आठवा उभा होता, कारण शिवराज उठला नव्हता. बसवाला हॉर्न वाजवायला लागला. मी जाऊन त्याला गप्प केलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसलो. मुलं आरडाओरडा करत आली की हळू म्हणायचो, आत माणूस झोपलाय. किशोर घड्याळ दाखवायला आला, त्यालाही तेच सांगितलं. तो माझ्याशेजारी गवतात बसला.

नऊला शिवराज डोळे चोळत बाहेर आला, सगळी मंडळी आपल्यासाठी थांबलेली बघून त्याने कानाला हात लावले. दव पडल्यामुळे कापड ओलं होतं. आम्ही दोघांनी चार कोपरे धरून झटकलं, चेन उघड्या ठेवून घडी घातली, आणि तंबू एका दमात पिशवीत गेला. पिशवी उचलायला दोघेही एकदमच वाकलो. त्याला वाटलं त्याचं काम, मला वाटलं माझं. शेवटी एक बंद त्याने धरला, एक मी. पावणेतीन किलोचं ओझं दोन म्हाताऱ्यांनी बसपर्यंत नेलं.

२७ जानेवारी

ओला तंबू तसाच ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून मानसीने आज घरून काम घेतलं आणि आम्ही तो गच्चीवर वाळवला. शिवराजचा फोन आला होता. भामाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो तंबू आतून कसा दिसतो ते सांगतोय.

घडी घालताना मी मानसीला विचारलं, "मी फसवलं म्हणून राग आला का तुला?"

"छे हो बाबा. आईंना इतक्या वर्षांत कधी आला नाही, मला कशाला येईल?"

तेव्हा फार बरं वाटलं. आता झोपायला आल्यावर लक्षात येतंय. उषाला हे माहीत होतं, हे मानसीला कसं माहीत? आणि उषाला तरी कोणी सांगितलं? मी तर नाही. उद्या दोघींपैकी जी हाताशी आहे तिला विचारतो.